बघणाऱ्याचा कौल

रात्री साडेआठच्या मालिकेत सून पुन्हा एकदा दाराआडून ऐकते, पुन्हा एकदा गैरसमज होतो, आणि सोफ्यावरून आवाज येतो, "किती पाणी घालणार आहेत अजून? बंद करा म्हणावं आता." बोलणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी साडेआठला त्याच जागी बसलेली असते. या शेऱ्याला कोणी समीक्षा म्हणत नाही. तो कुठे छापला जात नाही आणि बोलणाऱ्यालाही तो जाहिराती संपेपर्यंतच आठवतो. तरीही या किरकोळ मताची वंशावळ लांबलचक आहे. त्याला दरबार मिळाला, कायद्याने त्याची धास्ती घेतली, टपालखात्याने त्याची पोती वाहिली, आणि शेवटी त्याचा बाजारभाव ठरला. आज आपण ती वंशावळ चाळू.

तिचे सर्वांत जुने पान भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. हा ग्रंथ साधारणपणे इसवी सनापूर्वी 200 ते इसवी सन 200 या काळात आकाराला आला, असे मानले जाते. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग साधला की फसला हे कशावरून ओळखायचे, याची चर्चा आहे. भरत विद्वानांच्या अभिप्रायाशी थांबत नाही. तो थेट प्रेक्षकाच्या तोंडाकडे आणि हातांकडे पाहतो. गालातल्या गालात हसणे, मोठ्याने हसणे, 'साधु' म्हणणे, 'अहो' म्हणणे, करुण प्रसंगी हळहळणे ही वाणीने दिलेली पावती. अंगावर काटा येणे, बसल्या जागेवरून उठणे, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातली अंगठी काढून टाकणे ही देहाने दिलेली पावती. या साऱ्याला त्याने 'मानुषी सिद्धी' म्हटले. 'दैवी सिद्धी' तिच्याही वरची: प्रेक्षागृह तुडुंब भरलेले, आणि आवाज नाही, चुळबुळ नाही. तरुणांना शृंगार रुचतो, वृद्धांना पुराणकथा, धनार्थ्याला अर्थाच्या गोष्टी, शूरांना युद्ध, अशी प्रेक्षकांची वयागणिक आणि वृत्तीगणिक वर्गवारीही तो करतो. जाहिरात संस्थांना ती जुळवायला पुढे दोन हजार वर्षे लागली. गुणदोषांची नोंद ठेवायला लिहिणारा आणि मोजणारा बसवावा, असेही त्याला सुचते. सर्वांत मौजेचा भाग मात्र विघ्नांचा आहे. मत्सराने, द्वेषाने, दुसऱ्याचा पक्ष घेऊन किंवा पैसे खाऊन काही लोक मुद्दाम गोंगाट करतात, शेणाचे गोळे, ढेकळे, अगदी मुंग्यासुद्धा रंगमंचावर फेकतात, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे विकत घेतलेले मत हा प्रकारही मताइतकाच पुरातन आहे. ही नोंद आपण जवळ ठेवू. मुंबईत तिची गरज पडणार आहे.

तिथून आपण मोठी उडी मारून मराठी मुलखात येतो. तमाशाच्या बारीत प्रेक्षकाचे मत रोख असे. लावणी रंगली की पैसा वर धरायचा, नाचणारीने तो येऊन घ्यायचा, आणि ज्याने दिला त्याचे नाव पुकारायचे. दौलतजादा म्हणजे मत देणाऱ्याच्या नावासकट जाहीर झालेला कौल. संगीत रंगभूमीने हा कौल तिकिटाच्या आत ओढला. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि पुढच्या दोन पिढ्यांत 'वन्स मोअर' ही मराठी प्रेक्षकाची हक्काची आरोळी झाली. या आरोळीची ताकद आज आपल्या ध्यानात येणे कठीण आहे. बालगंधर्वांच्या एका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर पडत, नाटक पहाटेकडे सरके, आणि कथानक बिचारे विंगेत ताटकळत राहे. मरणाच्या दारात असलेले पात्र उठून पुन्हा गाई आणि पुन्हा मरे. समीक्षक यावर चिडत, प्रेक्षक तिकिटाचे पैसे वसूल करीत. पदे किती, कुठे आणि कोणाच्या वाट्याला, हे नाटककार या आरोळीचा अंदाज घेऊनच ठरवू लागले. बघणाऱ्याने कलाकृतीत थेट हात घालण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा काळ, आणि मालिकेतल्या पाण्याचा उगम मला इथेच दिसतो. लांबण लावायला तेव्हा आपणच सांगत होतो.

त्याच सुमारास या मताची दुसरी बाजू उघड झाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आले. रंगमंचावर महाभारत होते. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत गांजलेला देश आणि भीमात जहाल पक्ष. संहितेत कर्झनचे नाव नव्हते. नाटकाचा अर्थ पिटात बसलेल्या माणसाने लावला होता, आणि सरकारला भीती वाटली ती त्या अर्थाची. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. टाळी कुठे पडते, याला राजद्रोहाच्या पुराव्याचे मोल आले. चित्रपट आल्यावर तर सरकारला बघणाऱ्याचे मन जाणून घ्यायची घाई झाली. 1927 मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिने चार हजारांहून अधिक प्रश्नावल्या धाडल्या आणि 353 साक्षी घेतल्या. दादासाहेब फाळक्यांचीही साक्ष झाली. मात्र चार आण्यांचे तिकीट काढून जमिनीवर बसणाऱ्याच्या वतीने बोलले ते बहुधा वकील, प्राध्यापक, अधिकारी आणि धंद्यातले लोक. पुढेही बराच काळ असेच चालले.

रेडिओने बघणाऱ्याला ऐकणारा केले आणि त्याच्या हाती एक नवे हत्यार दिले, ते म्हणजे बटण पिरगाळण्याचे. 1952 मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्रिपद पुण्याच्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आले. शास्त्रीय संगीताचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या या गृहस्थांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. लोकांची अभिरुची सुधारावी हा त्यांचा हेतू. लोकांनी त्यावर मोर्चा काढला नाही. काटा सरकवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती आणि पत्रांचे ढीग पडू लागले होते. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा सरकारने ऐकणाऱ्याचा कौल न बोलता मान्य केला. फर्माईशीच्या चिठ्ठीत गाण्यापेक्षा नावांची यादी लांब असे. पिंट्या, बबली, आई-बाबा आणि समस्त मित्रमंडळ. आपले मत आहे, यापेक्षा ते आपल्याच नावाने हवेत उच्चारले गेले, याचा आनंद मोठा. दौलतजादा करणाऱ्याला हे लगेच पटले असते.

आता आपण थोडे थांबू, कारण पुढचा प्रसंग फारसा कोणाला आठवत नाही आणि तो आपल्याच मातीतला आहे. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत एक प्रयोग केला. कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून त्याला 'रेडिओ फार्म फोरम' असे नाव होते. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, शेतीचा आणि गावकारभाराचा कार्यक्रम लागे. असे एकूण 20 कार्यक्रम झाले. गावातल्या पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून ऐकायचे. रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे. ऐकलेले पटले का, आपल्या रानात चालेल का, पैसा कुठून येणार, यावर चर्चा करायची. निमंत्रकाने ती लिहून काढायची. प्रश्न पुण्याला पाठवायचे आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे ऐकायची. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने याचे मूल्यमापन केले. त्यासाठी मंडळे असलेली काही गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी काही, आणि रेडिओच नाही अशी काही, अशी तिन्ही प्रकारची गावे तुलनेला घेतली. मंडळांच्या गावांत नव्या गोष्टींची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. फरक पाडला होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या बोलण्याने. 1959 पासून ही योजना देशभर नेण्यात आली, आणि सरकारी योजनांच्या रिवाजाप्रमाणे पसरता पसरता पातळ झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा क्षण तोच. कार्यक्रम कसा वाटला, एवढेच तिथे विचारले जात नव्हते. मत बनायला वेळ आणि जागा दिली जात होती.

15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली, तीही मंडळांच्याच मांडवाखाली. संच मोजके, ते सार्वजनिक ठिकाणी ठेवलेले, बघणाऱ्यांची 'टेलिक्लब'. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. वर्षभराने सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण पोहोचले आणि मराठी घरातली संध्याकाळ बदलली. चाळीत एखाद्याच खोलीत संच असे. सरकते लाकडी दार असलेले ते कपाट, वर क्रोशाचे आच्छादन, समोर सतरंजीवर मुले, मागे खुर्च्यांवर मोठी माणसे आणि दारात उभे राहिलेले शेजारी. वाहिनी एकच असल्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता, मताला मात्र सुगी होती. 'गजरा'तला प्रवेश जमला की नाही, 'चिमणराव'मध्ये दिलीप प्रभावळकर पुस्तकातल्या चिमणरावासारखे वाटतात की नाही, बातम्या देणारीची साडी कशी होती, याचा निकाल त्याच खोलीत लागे. ज्यांचा संच त्यांचे मत किंचित जड, हेही ओघानेच आले. 'आमची माती आमची माणसं' लागले की शहरातली पोरे उठून खेळायला जात, आणि गावाकडून आलेले आजोबा खुर्ची पुढे ओढत.

या काळाचे वाहन पोस्टकार्ड. पंधरा पैशांच्या त्या पिवळट चौकोनात 'सा. न. वि. वि.' पासून सुरुवात करून आधी कौतुक, मग 'तथापि', मग सूचना आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' हे सारे बसवणे ही एक लेखनकलाच होती. पत्ता लिहायची उजवी बाजू सोडून इंच न् इंच जागा भरलेली असे; सही आडवी, कडेने. केंद्रावर अशा पत्रांना उत्तरे देणारा कार्यक्रमच असे. निवेदक पत्र हातात धरून नाव-गाव वाचत आणि निर्माता समोर बसून सौम्य खुलासा करी. खुलाशाने काही बदलत असे असे नाही. पण तक्रार करायला माणसाला बसून, विचार करून, वाक्य जुळवून लिहावे लागे, आणि लिहिता लिहिता रागाची धार बरीचशी बोथट होई.

1984 मध्ये हिंदीच्या राष्ट्रीय प्रक्षेपणावर 'हम लोग' आले आणि पत्रांचा पूर लोटला. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन दोन शब्द बोलत. त्यांना लाखांनी पत्रे गेली. आमच्या लग्नाबद्दल आमच्या घरच्यांना समजवा, अशी विनवणी करणारे तरुणही त्यांत होते. मालिकेवरचे मत आणि स्वतःचे आयुष्य यांतली भिंत तिथे पडली. मग 'रामायण' आले. 1988 मध्ये ते संपत आले, तेव्हा जालंधर आणि उत्तरेतल्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला. मागणी पगाराची नव्हती, पुढची कथा दाखवा ही होती. पुढे लवकुशांची कथा पडद्यावर आली. इतिहासात यापेक्षा ठणठणीत वन्स मोअर मला माहीत नाही.

त्याच वर्षी मुंबईत या मताचा कायदेशीर विचार झाला. गोविंद निहलानींची 'तमस' ही फाळणीवरची मालिका जानेवारीत सुरू होताच ती थांबवावी म्हणून याचिका दाखल झाली. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी कागदांवर विसंबण्याऐवजी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण चालू राहू दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दृश्याचा परिणाम कोणाच्या नजरेने मोजायचा, असा प्रश्न तिथे होता. उत्तरासाठी न्यायालयाने नागपूरच्या उच्च न्यायालयातला चाळीस वर्षांपूर्वीचा निकाल काढला. त्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले होते की, शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने जोखावा. जिथे तिथे धोका दिसणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. 'कीचकवधा'च्या वेळी ज्या बघणाऱ्याचे सरकारला भय वाटले होते, त्याच्यावर न्यायालयाने विश्वास टाकला. सोफ्यावरून शेरे मारणाऱ्याला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळालेले नाही, आणि ते मिळाल्याचे त्याला बहुधा ठाऊकही नाही.

पोस्टकार्डाचा शेवटचा दिमाख 'सुरभि'ने दाखवला. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या या कार्यक्रमाला 1993 मध्ये एका आठवड्यात 14 लाखांवर पत्रे आली. स्वस्त पोस्टकार्डावर टपालखात्याला तोटा होत होता. शेवटी स्पर्धांसाठी वेगळे, महागडे कार्ड काढावे लागले. मात्र आपण इथे नीट पाहिले पाहिजे. या लाखो पत्रांत बहुतेक ठिकाणी मत नव्हतेच, कोड्याचे उत्तर होते. पत्र वाचण्याऐवजी मोजायची वस्तू झाले होते.

पुढचे सगळे त्या मोजण्याचेच आहे. 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही आले, 1999 मध्ये अल्फा मराठी, पाठोपाठ ई टीव्ही मराठी. जाहिरातदाराला कुठल्या मालिकेत पैसा घालायचा ते कळायला हवे होते, आणि त्यासाठी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात निवडक घरांत पीपल मीटर बसू लागले. घरातल्या प्रत्येकाला एक बटण नेमून दिलेले. बसताना दाबायचे, उठताना दाबायचे. त्यावरून टीआरपी. ही यंत्रणा काय विचारते आणि काय विचारत नाही, हे पाहण्यासारखे आहे. भरताचा प्रेक्षक हसला का, उठला का, अंगठी टाकली का, हे पाहिले जाई. मीटरला एवढेच कळते की आजी समोर बसली होती. ती नायिकेला शिव्या घालत बसली होती की माळ ओढत, याची नोंद नाही. नापसंती व्यक्त करण्यासाठी उठून जायला हवे, आणि शिव्या घालणारा प्रेक्षक तर कधीच उठत नाही. उलट उद्या आणखी काय मूर्खपणा करतात ते बघायला वेळेवर हजर होतो. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग झाले, त्यांत मनापासून आवडीचा वाटा किती आणि या चिडक्या निष्ठेचा किती, हे कोणत्याही तक्त्यावरून निघणार नाही. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचे गरोदरपण लांबत गेले, तसे महाराष्ट्रभर फोनांवर विनोद फिरले. विनोद करणाऱ्यांना प्रत्येक भागातले बारकावे तोंडपाठ होते.

शिवाय मोजणीत कोण धरले जाते, हाही प्रश्न होताच. बरीच वर्षे मीटर फक्त एक लाखाहून मोठ्या वस्तीच्या शहरांत होते. गावांनी काय पाहिले ते हिशेबातच नव्हते. 2015 मध्ये 'बार्क' या मोजणी संस्थेने काम हाती घेतले आणि त्या वर्षीच्या उत्तरार्धात ग्रामीण घरे आली. मीटर कोणत्या घरांत आहेत, हे गुप्त ठेवायचे असते. 2001 मध्ये मुंबईतल्या अशा घरांची यादी फुटली होती. आणि 8 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की, ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी मीटरच्या घरांना पैसे दिले जात असल्याचा संशय आहे. आरोप वाहिन्यांनी नाकारले, आणि पुढे राज्य सरकारनेच खटला मागे घेण्याची भूमिका घेतली. खरेखोटे काहीही असो, पैसे खाऊन रंगमंचावर मुंग्या फेकणाऱ्यांची नोंद करणाऱ्या भरताला या बातमीत नवल वाटले नसते.

तक्रारीची अधिकृत वाट आजही आहे. 2011 पासून मनोरंजन वाहिन्यांसाठी तक्रार परिषद आहे, तिचे पहिले अध्यक्ष निवृत्त मुख्य न्यायमूर्ती अजित शहा. पडद्याच्या तळाशी तिची पट्टी सरकत जाते, आणि चष्मा शोधेपर्यंत निघून जाते. 2021 पासून या व्यवस्थेला नियमांचे पाठबळही मिळाले आहे. मत मात्र तोवर दुसरीकडे गेलेले असते, बहिणींच्या व्हॉट्सॲप गटावर, कलाकाराच्या फोटोखाली. खलनायिका रंगवणाऱ्या मुलीला तिथे खऱ्याच शिव्या बसतात. पोस्टकार्डावर 'तथापि' लिहायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आता चार शेरे टाकून होतात.

आणि ज्या घरात मालिका टीव्हीऐवजी फोनवर, ॲपवर पाहिली जाते, तिथे बटण दाबायचीही गरज उरलेली नाही. कोणत्या मिनिटाला आपण थांबलो, कोणता प्रसंग पुढे पळवला, कोणता दोनदा पाहिला, हे सारे आपोआप नोंदले जाते, आणि तेही निवडक घरांचे नव्हे, प्रत्येकाचे. भरताच्या लिहिणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला स्वप्नातही न सुचलेली ही वही. पण सुनेच्या रडण्याचा प्रसंग आपण पुढे का ढकलला, कंटाळा आला म्हणून, सासरे शेजारी येऊन बसले म्हणून, की गॅसवर दूध ठेवले होते म्हणून, हे अजून तिच्यात लिहिले जात नाही.